राणोजींचा कटला

रुचिराला पोहता येत नव्हतं, आणि हे तिनं निघतानाच सांगून टाकलं होतं. "मी काठावर बसेन. तुम्ही खुशाल होडीत जा."

दिव्यश्री तिची चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातली मैत्रीण. घराणं तंजावरचं मराठा, पण हिच्या तोंडी मराठीपेक्षा तमिळच जास्त. वडील राणोजी मात्र हट्टानं मराठी बोलत आणि घरात कुणी मराठीतून उत्तर देत नाही म्हणून कुढत. साताऱ्याची रुचिरा भेटल्यावर दिव्यश्रीनं तिला या सहलीला ओढलंच.

चेन्नई सोडून अडीच तास झाले, डांबरी रस्ता संपला, आणि झुडपी जंगलातून एकदम तलाव समोर आला. तिन्ही बाजूंना टेकड्या, मधे हिरवट पाणी. वनखात्याच्या माणसानं परवानगीचा कागद बघून तंबूची जागा दाखवली. दिव्यश्री खुंट्या ठोकायला लागली.

राणोजी गळ घेऊन होडीपाशी उभे राहिले. "अस्के जण काठावरच बसले तर जाळी कोण धरील?"

'अस्के' म्हणजे 'सगळे' हे रुचिरानं गाडीतच शिकून घेतलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा इतका उतरला होता, की तिनं मुकाट्यानं लाइफ जॅकेट चढवलं आणि होडीत पाय टाकला. होडी डुगडुगली. तिनं दोन्ही हातांनी कड गच्च धरली.

"भिऊ नको, पोरी. होडी माझं ऐकते."

अर्धा तास होडीनं ऐकलंही. राणोजींनी कणकेचा गोळा लावून गळ टाकला आणि आपल्या आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी सुरू केल्या. रुचिराची पकड हळूहळू सैल झाली. तेवढ्यात दोरी ताणली गेली. राणोजी ताडकन उठले, होडी कलली आणि एक वल्हं सुळकन पाण्यात गेलं.

"अप्पा, वल्हं!" रुचिरा किंचाळली.

"जाऊ दे! वल्हं तरंगेल, मासा नाही थांबणार!"

मासा डावीकडे धावला, होडी गरकन फिरली. वल्हं दूर चाललं होतं. आता काही करायचं तर ते आपणच, हे रुचिराला कळलं. तिनं उरलेलं वल्हं उचललं आणि जोरात मारलं. होडी जागच्या जागी गोल फिरली. मग ती पुढच्या टोकाशी गुडघ्यांवर बसली. दोनदा डावीकडून मारायचं, दोनदा उजवीकडून. होडी वाकडीतिकडी का होईना, पुढे सरकली. ओठ घट्ट मिटून ती वाकली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि वल्हं ओढून घेतलं.

"सापडलं!" ती ओरडली.

"मलाही!" मागून राणोजी ओरडले. तिनं घाईघाईनं जाळी पुढे केली आणि तीन किलोंचा कटला होडीत धपकन पडला. दोघंही नखशिखान्त भिजली. राणोजी हसता हसता खोकायला लागले.

काठावर दिव्यश्री कमरेवर हात ठेवून उभी होती. "अप्पा, काय केलंत हे?" चिडली तरी मराठीतच बोलली, हे राणोजींच्या बरोबर लक्षात आलं.

"विचार तुझ्या मैत्रिणीला. होडी तिनं चालवली."

तिन्हीसांजेला चिंच आणि तिखट चोळलेले तुकडे निखाऱ्यांवर चरचरू लागले. रुचिरानं बोटं चाटली आणि विचारलं, "अप्पा, उद्या सकाळी होडी किती वाजता काढायची?"