वाफेच्या खोलीची कडी

मी एक जुनी पितळी कडी आहे, मित्रांनो. थकलेली माणसे विश्रांतीसाठी राहायला येतात अशा एका घरात, वाफ घ्यायच्या छोट्या खोलीच्या दाराला मी आतून आहे. सुरुवातीला माझे काय कौतुक व्हायचे! पुढे दर वेळी रंगाऱ्याने दारासोबत माझ्यावरही ब्रश फिरवला. तेलाचा थेंब द्यायचे मात्र कुणाला सुचले नाही. मी कुरकुरायचे, पण लक्ष कोण देतो?

एकदा दोघी बहिणी खोली बघायला आल्या. आजारपणात धाकटीचे केस गेले होते आणि उघडे डोके तिला कुणालाही दाखवायचे नव्हते. आधीच्या एका ठिकाणी वाफेची खोली सगळ्यांत मिळून एकच होती, तर दुसरीकडे दाराऐवजी पडदा. धाकटीने मला दोनदा लावून पाहिले आणि डोक्याचा रुमाल सोडला.

"ताई, इथेच राहू या," ती म्हणाली. मला आभाळ ठेंगणे झाले.

दुसऱ्या दिवशी घरात मौन होते. मौनात बोलायचे नाही, आवाज करायचा नाही, आणि कुणी केलाच तर जागचे हलायचे नाही, असा तिथला नियम. धाकटी आत आली. तिने मला लावले. वाफेने लाकूड फुगले आणि मी रंगाच्या थरांत रुतून बसले. तिने ओढले, हिसके दिले, मी हलेना. वाफेचे बटण तर बाहेर! तिने दार ठोठावले. ते सगळ्यांनी ऐकले, ताईनेही. पण बाकीचे बसलेले पाहून तीही डोळे मिटून बसली.

ओरडले तर सगळे धावत येतील, बघतील, म्हणून धाकटी ओरडत नव्हती. तिचे हात गळत चालले होते. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी तिच्या तोंडून कशीबशी हाक निघाली, "ताई!"

ताई धावली, बटण बंद केले. माणसे पहार घेऊन आली. आतून क्षीण आवाज आला, "कुणी बघू नका."

"सगळ्यांनी पाठ फिरवा," ताई म्हणाली. मग तिनेच पहार घातली. माझे स्क्रू उपटले, दार उघडले. धाकटी बाहेर आली तेव्हा एकानेही मान वळवली नाही. ते पाहून तिला रडू फुटले.

व्यवस्थापक मला भंगारात टाकणार होते. धाकटीने अडवले. रंग खरवडून, तेल घालून, दार तासून तिने मला पुन्हा बसवून घेतले.

मित्रांनो, जिच्या भरवशावर माणूस निर्धास्त होतो, तिला अधूनमधून थेंबभर तेल द्या. आणि आतून कुणी दार ठोठावले, तर आधी मौन मोडा.