चार नंबरच्या मशीनवरचा कान

मित्रांनो, माझं वय सात वर्षं आहे. तुमच्यात सात वर्षांचं मूल दुसरीत जातं, आमच्यात त्याला म्हातारा धरतात. मी एक जुना कान आहे. निळ्या प्लास्टिकची मुठीएवढी पेटी, पुढे चाळणीसारखी बारीक भोकं, मागे एक वायर. डोळा मला दिलेलाच नाही. तेव्हा जे सांगेन ते ऐकलेलं सांगेन, पाहिलेलं काही नाही.

म्हैसूरला जयलक्ष्मीपुरमात एका घराच्या वरच्या मजल्यावर लहानसं ऑफिस आहे, तिथं मी तयार झालो. यशस्विनी नावाच्या मुलीनं आम्हाला घडवलं. आम्ही बारा भावंडं. ती आमच्या भोकांवर नखानं टकटक करायची आणि विचारायची, “ऐकू येतं काय रे?” तो माझ्या आयुष्यातला पहिला प्रश्न. उत्तर द्यायला तोंड नव्हतं, म्हणून मी फक्त ऐकलं.

मग आमची पांगापांग झाली. एक बहीण दवाखान्यात गेली, आजाऱ्यांच्या छातीतली घरघर ऐकायला. एक भाऊ मंड्याकडे नारळीच्या बागेत गेला. खोडात शिरलेला किडा आतून कुरतडतो, ते माणसाला ऐकू येत नाही, त्याला येतं. आणखी एक बस डेपोत इंजिनांचा खोकला ओळखायला बसला. ऐकलेलं सगळं साठवायचं, त्यात खूण शोधायची, आणि बिघाड व्हायच्या आधी सांगायचं, असं आमचं घराणं. माझ्या वाट्याला म्हैसूरजवळच्या बेळगोळची रेशमाची शेड आली.

तिथं लडीवरचा कच्चा धागा बॉबिनवर चढवतात. मला चार नंबरच्या मशीनवर, खांबाला स्क्रूनं आवळून बसवलं. चार नंबर म्हणजे अंबुबाई.

अंबुबाई शहरातल्या अग्रहार भागातून दोन बस बदलून येत. त्यांचे खापरपणजे म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणे. घोडे गेले, फौज गेली, घरातली मराठी तेवढी राहिली. तिचीही कन्नडशी इतकी घसट झालेली की दोघींतली पाहुणी कोण ते कळू नये. मी त्यांना ओळखायचो ते पाच काचेच्या बांगड्यांवरून, आणि कामाला हात लावण्याआधी त्या एकदा घसा साफ करीत त्यावरून.

पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “तू नुसता ऐकणार, होय? बरं झालं. आमच्या घरात सगळे बोलणारेच आहेत.”

शेडमध्ये माझ्याशी बोललेलं पहिलं माणूस ते.

आता माझं शिक्षण कसं झालं ते ऐका. कामगारांचे हात धाग्यात गुंतलेले, बटण कोण दाबणार? म्हणून तोंडानं सांगायचं ठरलं. बॉबिन नीट भरली की कन्नडमध्ये म्हणायचं ‘सरि’, म्हणजे ठीक. धागा बिघडला की म्हणायचं ‘हाळु’, म्हणजे वाया गेला. शब्द कानावर पडला की त्या वेळचा मशीनचा आवाज मी त्या शब्दाखाली जपून ठेवायचो. घाईत माणसं शब्द आखडतात, तेव्हा ‘हा’ थोडा आखूड निघाला तरी चालेल, हेही मला शिकवलेलं होतं. मी आज्ञाधारक होतो.

पहिल्याच वर्षी मी सात नंबरच्या मशीनचं बेअरिंग झिजत आल्याचं आठ दिवस आधी सांगितलं. केवढं कौतुक झालं. दसऱ्यात आयुधपूजेला सगळ्या मशीनींना गंध लावतात, तसं मलाही लागलं. दारात कोहळा फुटल्याचा आवाज आला. एक ओलं बोट माझ्या भोकांच्या वर टेकलं आणि अंबुबाई हलकेच म्हणाल्या, “कानात जाऊ नये बाई कुंकू, बहिरा होईल.” देखरेखीला वादिराज होते. ते आल्यागेल्याला सांगत, “याच्याशी वाद नाही. हा सांगेल ते खरं.”

त्याच सुमारास वनजा नावाची नवी मुलगी कामाला लागली. तिचं घर कन्नड. अंबुबाई तिला शिकवीत होत्या. वनजानं लड ओढली तशी अंबुबाई म्हणाल्या, “हळू गे, हळू.” त्यासरशी कात्रीचा कच्च असा आवाज आला.

“अय्यो, चांगला धागा कापलीस की.”

“तुम्हीच म्हणालात ना अक्का, हाळु. वाया गेला.”

“हळू म्हटलं मी. आमच्या मराठीत हळू म्हणजे तुमच्या कन्नडातलं निधान. सावकाश गे, सावकाश.”

“मग असं सावकाश सांगायचं ना.”

दोघी पुष्कळ वेळ हसल्या. वनजाची चूक मिनिटात सुधारली, कारण तिची कात्री सगळ्यांनी ऐकली. माझी कात्री कुणालाच ऐकू येत नव्हती. अंबुबाईंनी ‘हळू’ म्हटलं की मीही ‘हाळु’ लिहीत होतो. मला वाटे, मी माझं काम चोख करतो आहे.

आणि अंबुबाई तर ते दिवसभर म्हणत. धाग्याला म्हणत, चाकाला म्हणत. धागा सुरेख चालला की त्यांना ओवी सुचे:

रेशमाच्या माझ्या तारे, चाकावरी चाल हळू,
सासरला जाता लेकी, अशी नको पुढे पळू.

धागा जितका गोड चाले तितकी ओवी लांबे. ओवी जितकी लांबे तितका माझ्याकडे ‘वाया गेला’चा ढीग वाढे. पुढे पुढे तर तो गोड आवाज म्हणजेच बिघाड, असं मी शिकलो. शेडमधला सर्वांत चांगला धागा चालू असला की माझा लाल दिवा लागायचा.

एका गुरुवारी वादिराज कागद घेऊन आले. कागद त्यांच्या हातात फडफडत होता.

“अंबुबाईअम्मा, मनाला लावून घेऊ नका. सगळ्यात जास्त बिघाड चार नंबरवर आहे. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा.”

बांगड्या थांबल्या.

“बत्तीस वर्षांत माझी एक बॉबिन परत आली काय?”

“नाही आली.”

“मग?”

“मग हे यंत्र खोटं कशाला बोलेल, अम्मा?”

“खोटं बोलत नसेल. चुकत असेल. आमचे हे उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत, चुकायचे मात्र रोज.”

वनजा खुदकन हसली. वादिराज हसले नाहीत. अंबुबाईंचा आवाज मग खाली आला. “पॅकिंगला खोकी असतात. माझ्या बोटांना धाग्याशिवाय काय येतं, सांगा. हे ज्या मुलीनं बसवलं तिला एकदा बोलवा. तिनं ऐकून सांगितलं तर जाते मी खोक्यांत.”

शुक्रवारी यशस्विनी आली. नखाची ती टकटक मी लगेच ओळखली. तिनं माझी साठवण उघडली आणि एकेक ‘हाळु’ कानाला लावून ऐकू लागली. दहा ऐकले, वीस ऐकले. मग तिनं विचारलं, “अक्का, हे मागं काय ऐकू येतं? गाणं?”

“ओवी गे. कामाची सवय.”

“म्हणा ना एकदा.”

अंबुबाईंनी लाजत लाजत म्हटली. पहिल्या ओळीच्या शेवटी वनजा मधेच बोलली, “बघा, बघा, मी पण हेच ऐकून धागा कापला होता.”

यशस्विनीनं तो तुकडा पुन्हा लावला. तिच्या घरी आजी-आजोबा मराठी बोलत, हिला मात्र मोजके शब्द येत. ये, जेव, झोप, हळू. जिना उतरताना आजी म्हणे तो हळू. ती म्हणाली, “माझ्याच घरातला शब्द आहे हा. याला शिकवायचा मलाच सुचला नाही.” मग तिनं बसून मोजलं. चारशे बारा ‘वाया गेलेल्या’ धाग्यांतले तीनशे नव्वद मुळी वाया गेलेच नव्हते.

वादिराज खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “अम्मा, तुम्ही इथंच राहा. चार नंबर तुमचाच.”

मित्रांनो, मी तुमच्यासारखा असतो तर त्या वेळी रडलो असतो. पण गोष्ट इथं संपली नाही.

“मी याला दुसरा शब्दही शिकवते,” यशस्विनी म्हणाली. “सगळं पुन्हा ऐकवावं लागेल. दोन महिने द्या.”

“दोन महिने कुठून देऊ? दसऱ्याची मागणी तोंडावर आहे,” वादिराज म्हणाले. “पायाशी दोन बटणं बसवा. हिरवं ठीक, लाल बिघाड. आणि शब्द कानावर पडला तर हा तो लिहिणारच, म्हणून एक पाटीही लावून टाकू, मशीनपाशी बोलू नये. अम्मा, चालेल ना?”

अंबुबाईंना धागा परत मिळाला होता. त्या म्हणाल्या, “चालेल की.”

खिळा ठोकल्याचे चार आवाज आले. पाटी माझ्याच खांबावर लागली.

त्या दिवसापासून माझे आकडे बिनचूक झाले. सकाळी बांगड्या येत, घसा साफ होई, आणि पुढे काही नाही. पायाशी बटण टिक वाजे, पुन्हा टिक. एकदा त्यांनी भुलून ‘रेशमाच्या’ एवढं म्हटलं आणि उरलेला शब्द गिळला. गिळलेला शब्दही मला ऐकू येतो, मित्रांनो. वनजानं लड ओढली तर त्या तिचं मनगट धरीत. त्याला आवाज नसतो, फक्त बांगडी बांगडीवर टेकते. वनजानंतर आलेल्या मुलींना ही बाई गाते हे ठाऊकच नव्हतं.

शेड भरलेली असे, चाकं घरघरत, आणि मी एकटा होतो. ज्याच्यामुळे एक माणूस गप्प झालं, त्याच्याच कानाशी ते गप्पपण दिवसभर बसायचं. बोलता आलं असतं तर म्हटलं असतं, अंबुबाई, बोला. माझे आकडे चुकू देत.

गेल्या वर्षी अंबुबाई निवृत्त झाल्या. मशीनवर डोळावाला नवा यंत्रभाऊ आला. माझी वायर काढली आणि मला रिकाम्या बॉबिनींच्या फळीवर ठेवलं. माझी काही तक्रार नाही. जुन्या कानाला फळी पुष्कळ झाली.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुमच्या दवाखान्यात, बागेत, शाळेत आमचीच भावंडं बसलेली असतील. त्यांना धुळीपासून जपा, पावसापासून जपा. त्यांनी एखाद्याकडे बोट दाखवलं, तर कागदाआधी त्या माणसाला विचारा. आणि कधी त्यांची चूक सापडलीच, तर वेळ काढून त्यांना शिकवा. दोन महिने लागले तर लागू देत. पण त्यांच्यासाठी कुणाला गप्प बसवू नका.