आईची चौकशी

आइल्साने लिंबाचं हिरवं सरबत प्लास्टिकच्या छोट्या पेल्यात ओतलं, पेला उजेडात धरून पाहिला, थोडं पाणी घातलं आणि पुन्हा पाहिला.

"अजून हिरवं पाहिजे," खुर्चीत बसलेला रॅब म्हणाला. "आणि जरा चिकट. खरं औषध पेल्याला धरून बसतं."

"पोरांना रंग दिसला म्हणजे झालं."

"तुमची मर्जी, बाई. फसवायचंच तर नीट फसवावं, एवढंच आपलं म्हणणं."

ती हसली, पण तिचं लक्ष दाराकडे होतं. खोली विद्यापीठातली, पण आत औषधाचं अख्खं दुकान मांडलेलं. काउंटर, गल्ला, चिठ्ठ्या छापायचं यंत्र आणि फळ्यांवर औषधांची खोकी, सगळी रिकामी. मुलं या खोलीला 'दुकान-दुकान' म्हणत, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

खरं दुकान आइल्साने लॉखमूरमध्ये तीस वर्षं चालवलं होतं. मग ते एका मोठ्या कंपनीने घेतलं आणि ती स्वतःच्याच काउंटरमागे नोकर झाली. कालची पोरं ग्लासगोहून फोन करून तिला सांगायची, आज किती खोकल्याची औषधं खपायला हवीत. अशात विद्यापीठाची जाहिरात दिसली. काउंटरवर उभं राहिलेलं माणूस शिकवायला हवं होतं. नशीब काढलंस, असं सगळं गाव म्हणालं. तिलाही तसंच वाटलं होतं. पायांना आराम, दारावर नावाची पाटी, उन्हाळ्यात लांबलचक सुट्टी. पण शिकवणं म्हणजे काय ते तिला जानेवारीतच कळलं. तिला येत होतं ते सगळं हातात होतं. तोंडाने सांगायला गेलं की त्याचा भुगा व्हायचा. मुलं खाली मान घालून फोन बघत बसायची. एका मुलीने तर लिहूनच दिलं होतं, बाई कागद वाचून दाखवतात, तो आम्हालाही वाचता येतो.

नेमणूक वर्षाची होती. ती कायम करायची की नाही ते प्रोफेसर इनिस आजचा तास मागे बसून ऐकल्यावर ठरवणार होते. नाही म्हणाले तर ख्रिसमसनंतर घरी बसायचं. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं कोण दारात उभं करणार होतं, आणि दुकान तर आता तिचं नव्हतं. घाबरून जाऊन तिने बऱ्याच रात्री विचार केला होता, आणि त्यातून रॅब आठवला होता.

रॅब रोज सकाळी तिच्या दुकानात यायचा. नऊ वर्षं. गर्दाची सवय सोडवायला जे मेथाडोन देतात ते त्याला मिळायचं. ते घरी न्यायची मुभा नव्हती, फार्मासिस्टच्या डोळ्यांदेखत प्यायचं असा नियम. मधे एकदा तो पुन्हा गर्दाकडे घसरला होता, त्यामुळे त्याच्यासाठी हा नियम पुढे कधी सैल झाला नाही. हे देणं कसं असतं ते मुलांना त्याच्यासमोरच शिकवावं, असं तिने ठरवलं. लॉखमूरच्या दुकानात फोन करून तिने नव्या फार्मासिस्टकडे निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, येतो म्हणाला, खूश दिसला.

आणि तो आला होता. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. ती धावपळीत होती. दाराशी भेटला तसा हाताला धरून तिने त्याला खुर्चीत बसवलं, कॉफी दिली, आणि सरबताच्या मागे लागली.

मुलं आली. इनिस आले, शेवटच्या रांगेत ओला कोट मांडीवर घेऊन बसले. रॅबला बघून पोरं जरा अवघडली. कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"घाबरू नका," रॅब म्हणाला. "चावत नाही मी. दातच नाहीत धड."

पहिलं हसू तिथे फुटलं, आणि आइल्साला बरं वाटलं.

"आता हा रॅब तुमच्या काउंटरवर आलाय," ती म्हणाली. "नाव विचारलं, डॉक्टरची चिठ्ठी पाहिली, औषध मोजलं. पेला दिला. तो प्याला. पुढे?"

"पाणी द्यायचं," मागून कोणीतरी म्हणालं.

"बरोबर. पेल्यात काही राहायला नको. मग?"

पुढच्या रांगेतल्या मायरीने हात वर केला. वाचून दाखवतात असं लिहून देणारी ती हीच असावी, अशी आइल्साला शंका होती. "मग त्यांना बोलायला लावायचं. औषध गालात धरलं असेल तर बोलता येत नाही."

"गालात कशाला धरेल कोणी?"

मायरीने रॅबकडे पाहिलं आणि ती लाल झाली.

"बाहेर जाऊन बाटलीत थुंकायचं आणि विकायचं," रॅबनेच सांगितलं. "लाजू नकोस पोरी. सगळ्या लॉखमूरला माहीत आहे."

मुलं हसली. इनिसही हसले. आइल्साची जीभ वर्षात पहिल्यांदा सुटली.

"बोलायला लावायचं म्हणजे विचारायचं काय?"

"कसं काय, बरं आहे ना?"

"त्यावर हा नुसतं 'हं' म्हणेल. 'हं' तोंड मिटूनही म्हणता येतं." मुलं लिहायला लागली. तिच्या तासाला आजवर कोणी पेन उघडलं नव्हतं. "ज्याला दोन-तीन वाक्यं लागतील असं काहीतरी विचारा. ज्याच्याबद्दल माणसाला बोलायला आवडतं ते. कोणाचं कुत्रं असतं, कोणाचा फुटबॉल. आणि प्रत्येकाचा एकेक प्रश्न ठरवूनच टाका. समोर रांग असते, फोन वाजत असतो, रोज नवीन कुठून सुचणार? कुत्रेवाला आला की कुत्र्याचं विचारायचं. तो बोलत असतो, तुमचे हात पुढच्या माणसाचं औषध काढत असतात. कानाने फक्त एवढंच बघायचं, आवाज मोकळा येतोय का."

"म्हणजे तो काय सांगतोय ते ऐकायचं नाही?" एका मुलाने विचारलं.

"सांगतोय ना? मग झालं तर."

पुन्हा हशा झाला. वर्ग रंगला की माणूस दोन शब्द जास्तच बोलतो, आणि ज्याचा वर्ग कधीच रंगला नाही तो तर बोलतोच. रॅब तेवढा हसला नाही. तो समोरच्या पेल्याकडे बघत होता.

"चला, करून दाखवू. घे रॅब."

तो सरबत प्यायला. तिने पाणी दिलं, तेही प्यायला. पोरं माना उंचावून त्याच्या गळ्याकडे बघत होती. आइल्सा काउंटरमागे गेली, दुकानात उभी राहायची तशी किंचित तिरकी उभी राहिली आणि दुकानातल्याच आवाजात म्हणाली,

"आई कशी आहे, रॅब?"

तो गप्प राहिला. इतका वेळ, की मायरीने लिहायचं थांबवलं आणि मागे इनिस पुढे वाकले. आइल्साला वाटलं, बिचारा एवढ्या लोकांसमोर बुजला.

"बरी आहे," तो म्हणाला.

"जेवते ना नीट?"

"जेवते. गुडघे धरतात, पण जिभेला काही झालेलं नाही. शेजारणीच्या मांजराला शिव्या द्यायला सकाळी दारात उभी."

वर्ग खदखदून हसला.

"ऐकलंत? मोकळा आवाज, तीन वाक्यं. संपलं काम. पुढचा."

तास संपला तरी मुलं उठेनात. मायरीने तर दोन प्रश्न विचारले आणि जाताना आभार मानले. इनिसनी आइल्साला दाराबाहेर घेतलं.

"हे असंच हवं होतं आम्हाला," ते म्हणाले. "पुस्तकात कुठे असतं हे? ते एकच प्रश्न ठरवून ठेवायचं, वा. तुमची जागा पक्की समजा."

तिने आभार मानले, आणि ते वळल्यावर भिंतीला टेकून एक मिनिट नुसती उभी राहिली. फार आनंद झाला होता तिला. रडू येईल इतका. दुकान विकलं त्या दिवसापासून इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

रॅबला स्टेशनवर सोडायला ती स्वतः निघाली. निघताना तिने टेबलाच्या खणातून लोण्याच्या बिस्किटांचा डबा काढून पिशवीत टाकला. सकाळी येताना आठवणीने घेतला होता. चार वाजले नव्हते तरी अंधारून आलं होतं, नोव्हेंबरातली चिकट बुरबुर चालू होती. वाटभर तीच बोलत होती. पुढच्या वर्षीही यायचं बरं का. मुलांना किती आवडलास तू. ती मायरी कधी कोणाचे आभार मानत नाही. रॅब हो हो म्हणत होता.

फलाटावर तिने डबा पुढे केला.

"हा आईला दे. म्हणावं, आइल्साने आठवण काढलीय."

त्याने डबा घेतला नाही. हात कोटाच्या खिशातच ठेवून तो झाकणावरच्या चित्राकडे बघत राहिला.

"ती नाही आता, बाई. मे महिन्यात गेली."

आइल्साचा हात तसाच पुढे राहिला. "अरे... मग मघाशी..."

"मघाशी तुम्हाला आवाज मोकळा येतोय का तेवढंच बघायचं होतं ना? म्हटलं, तास छान चाललाय तुमचा. कशाला मोडता घाला."

टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. तो साधंच सांगत होता, बस चुकली होती असं सांगावं तसं.

"रॅब, मी नुसती तेवढ्यासाठी नव्हते विचारत."

"नसालही."

ती पुढे बोलणार होती. त्याने कधी दिलेलं एखादं उत्तर, आईचं एखादं दुखणं, एखादी गोष्ट, काहीतरी आठवून सांगावं म्हणून तिने मनात शोधलं. रांग आठवली. यंत्रातून निघणाऱ्या चिठ्ठ्या आठवल्या, फोन आठवला, आणि या सगळ्यामागून येणारा त्याचा आवाज. मोकळा, स्वच्छ आवाज. शब्द एकही नाही. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

"एकटीच होती का शेवटी?" तिने विचारलं.

"मी होतो. शेजारीण होती."

"मला कळवायचं तरी."

"मनात आलं होतं. दुकानात गेलो दुसऱ्या दिवशी सकाळी, पण तिथे आता तुम्ही कुठे, तो नवा पोरगा. वाईट नाही तो. पण विचारत काही नाही. तोंड उघडा, जीभ वर करा, जा." रॅबने खांदे उडवले. "तेही बरंच म्हणा. चटकन होतं."

गाडीचा दिवा दूर वळणावर दिसला. फलाटावरचे लोक पुढे सरकले. रॅबने आता डबा तिच्या हातातून घेतला आणि काखेत धरला.

"शेजारणीला देतो," तो म्हणाला. "शेवटी रोज येऊन बसायची ती."

आइल्साने मान हलवली. गाडी येऊन थांबली, दारं उघडली, माणसं उतरली. तो चढला आणि दारातच वळून उभा राहिला, काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा.

"मी घरी गेलो की ती दारातच विचारायची. आज विचारलं का रे बाईंनी? मी म्हणायचो, विचारलं. मग काय सांगितलंस, तेही तिला सगळं ऐकायचं असायचं. म्हणून वाटेत येतानाच ठरवायचो, आज तुम्हाला काहीतरी नवीन सांगायचं. गावात आणखी कोण विचारणार होतं तिला. तेवढ्यावर दिवस चांगला जायचा तिचा."

दारं मिटायची घंटा वाजायला लागली. तो एक पाऊल आत सरकला.

"आजचा तास तिला ऐकावा लागला नाही, बाई," तो म्हणाला. "तेवढं बरं झालं."