नॉर्मनची भिंत

"काल तर लाकूड भिंतीला मिळालं होतं ना रे?" हार्करबाईंनी चहाचा मग हातात धरूनच विचारलं.

"मिळालं होतं," क्लिफर्ड म्हणाला.

फायरप्लेसभोवतीच्या ओकच्या चौकटीचा डावा खांब आणि भिंत यांच्यामध्ये आज पेनीचं नाणं सहज आत गेलं असतं. काल पाच वाजता तिथे सिगारेट वळायचा पातळ कागद जात नव्हता. क्लिफर्ड सनटरने तंबाखू सोडून बारा वर्षं झाली होती, पण कागदाचं पाकीट अजून त्याच्या खिशात असायचं. जोड तपासायची त्याची तीच रीत. परवाही असंच झालं होतं. संध्याकाळी गच्च बसवून जावं आणि सकाळी स्क्रू मारायला यावं, तर फट.

"लाकूड ओलं असेल," बाई म्हणाल्या.

"सहा वर्षं वाळलेलं आहे, बाई. तुमच्या बिस्किटांपेक्षा कोरडं."

बाई ऐंशीच्या, पण टोमणा झेलून परत मारणाऱ्या. आज मात्र त्या हसल्या नाहीत.

आमच्या स्वेलडेलच्या दरीत एकही घर ओळंब्यात नाही. दगडी भिंती, त्यावर हाताने फिरवलेला गिलावा. त्यामुळे इथला सुतार भिंत सरळ करायच्या भानगडीत पडत नाही. चौकट सरळ उभी करायची, लाकडाचा ठोकळा भिंतीला टेकवून त्याच्या आधाराने पेन्सिल वरून खाली न्यायची, म्हणजे भिंतीचा प्रत्येक फुगवटा खांबावर उतरतो. मग त्या रेषेवर कापायचं. क्लिफर्डने चाळीस वर्षांत फटीत लांबीचा लगदा भरला नव्हता. लांबी म्हणजे आळशी सुताराची मलमपट्टी, असं तो चारचौघांत म्हणायचा. खांबाची कड दोनदा कापून झाली होती. आता एकच काप शिल्लक होता. तो चुकला की लांबी.

त्याने चौकट बाजूला ओढली. तिच्यामागे झाकल्या जाणाऱ्या भिंतीवर पेन्सिलने लिहिलेलं होतं: नॉर्मन सनटर, गवंडी, ऑक्टोबर. त्याच्या खाली वीतभर जागा घोटून गुळगुळीत केलेली, कोरी. पहिल्या दिवसापासून क्लिफर्ड तिकडे बघायचं टाळत होता. दोघे भाऊ एकत्र काम करत तेव्हा चौकटीमागे दोघांची नावं लिहीत, आधी गवंड्याचं, मग सुताराचं.

ते बंद होऊन बावीस वर्षं झाली होती. डॉक्टरांच्या घरी क्लिफर्डचा काप चुकला आणि फट पडली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भिंतीचंच पोट सुटलंय. गवंडी असा असल्यावर मी काय करणार?" दुसऱ्या कारागिराच्या कामाला गिऱ्हाइकासमोर नावं ठेवायची नाहीत, हा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला नियम. त्यातून तो सख्खा भाऊ. महिन्याभरात प्रार्थनाघराचं मोठं काम नॉर्मनच्या हातून गेलं. तो क्लिफर्डच्या सुतारशाळेत आला, अर्ध्या करंगळीचा हात दारावर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "यापुढे तुझं लाकूड आणि माझी भिंत मिळायची नाही."

फेब्रुवारीत तो गेला. दफनाच्या वेळी क्लिफर्ड एका फळीवर रंधा मारत राहिला, शेवटी नुसते छिलके उरले. कुणी बोलवायला आलं नाही, आणि आपण होऊन तोही गेला नाही.

त्याने गिलाव्यावर तळहात टेकवला आणि झटकन काढला. ऑक्टोबरचा गिलावा ओला लागत होता. बोटांची टोकं पांढरी झाली होती.

"तुला सांगू का नको, असं झालंय मला," हार्करबाई दारातूनच म्हणाल्या. "काल तू गेलास आणि इथे थापी फिरायला लागली. घासऽ घासऽ. मधेच शीळ. मला वाटलं, तूच काही विसरलास म्हणून परत आलास. आत बघते तर कोणी नाही. कुत्रा तेव्हापासून ह्या खोलीत पाय ठेवत नाही."

"वारा असेल."

"वारा शीळ घालेल रे. नॉर्मनची इथे राहिलेली थापी धुऊन ठेवेल का?" बाईंनी चहाचा मग खाली ठेवला. "आणि हेही ऐक. भिंत करताना तो मला म्हणाला होता, 'लाकडाला आमच्या क्लिफर्डलाच बोलवा. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.' मी म्हटलं, अरे, तुमचं तर बोलणं नाही. तर म्हणतो, 'बोलणं नाही, पण त्याच्याइतकं माझी भिंत वाचणारा दुसरा कोण आहे?'"

क्लिफर्ड खाली बसला. त्याला रडू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. बराच वेळ तो करवतीच्या दात्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग उठला आणि बाईंकडे नाही, भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "डॉक्टरांच्या घरची भिंत बरोबर होती. काप माझा चुकला होता. मी खोटं बोललो, नॉर्मन."

खोलीत काही हललं नाही. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि कोऱ्या जागेत लिहिलं: क्लिफर्ड सनटर, सुतार.

शेवटचा काप त्याने घेतलाच नाही. चौकट होती तशीच उचलून जागेवर लावली. लाकूड सकाळी होतं तेवढंच होतं, पुढे आली असेल तर भिंत. त्याने सिगारेटचा कागद काढून वरून खालपर्यंत फिरवून पाहिला. कुठेच आत गेला नाही. मग त्याने सगळे स्क्रू मारले, हत्यारं पिशवीत भरली आणि कोट घातला.

"थांब, थांब," बाई हातात फडकं घेऊन मागे आल्या. "खांद्यावर गिलावा लागलाय तुझ्या. ओलाच आहे की. हात कुणी ठेवला रे हा?" बोटं स्पष्ट उमटली होती. करंगळी अर्धीच होती.

क्लिफर्डने मान वळवून पाहिलं नाही.

"असू दे, बाई," तो म्हणाला. "पुसू नका."

टेकडीवरून तो घराकडे निघाला तेव्हा पाऊस भुरभुरत होता. खांदा भिजू नये म्हणून त्याने टोपी काढून त्यावर धरली आणि उघड्या डोक्याने चालत राहिला.