पुलाआधीचा सिग्नल

माझ्या भावाने एकदा आख्खा ठाणे ते कल्याण रेल्वेमार्ग कॉम्प्युटरमध्ये बसवला. सांगितलं तर लोकांना थट्टा वाटते. पण कान्हाचं डोकंच तसलं. दारासमोरची खाडी त्याने कधी धड बघितली नाही आणि कॉम्प्युटरमध्ये तीच खाडी करण्यासाठी डोळे फोडून घेतले.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. कान्हा डोंबिवलीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा आणि क्लासच्याच मागच्या खोलीत राहायचा. त्याला कुठूनशी आगगाडी चालवण्याच्या खेळाची सीडी मिळाली. आपण ड्रायव्हर, समोर पडद्यावर रूळ, बाजूने सरकणारा देखावा. देखावा मात्र परदेशातला, बर्फाचे डोंगर आणि टोकदार झाडं. चार दिवसांत त्याला त्याचा वीट आला. पण त्या खेळात नवा मार्ग तयार करायची सोय होती. रूळ, स्टेशनं, पूल, झाडं, घरं सगळं आपल्या हाताने मांडायचं. झालं, साहेबांनी ठाणे ते कल्याण मांडायला घेतलं.

मग मित्राचा कॅमेरा गळ्यात अडकवून तो रुळांच्या कडेकडेने हिंडायला लागला. कळव्याच्या चाळी, पारसिकचा बोगदा, मुंब्र्याचा डोंगर, दिव्याचं फाटक. फोटो काढायचे, कॉम्प्युटरमध्ये घालायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवल्यागत रुळांच्या बाजूला उभे करायचे. घराला पुढची भिंत तेवढी, मागे काही नाही. मी विचारलं, मागची बाजू कुठाय रे? तर म्हणाला, "ताय, गाडीतून मागची बाजू कोणाला दिसते?"

मी मालू, त्याची मोठी बहीण. ठाण्यात बालवाडीत शिकवते. चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या घरात तेव्हा मी आणि आमचे बाबा, नाथा कोळी, एवढेच होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं नाव मनुबाई, आणि बाबांच्या होडीचं नावही मनुबाई. ठाण्याहून कल्याणकडे जाताना खाडीचा पूल लागायच्या जरा आधी उजव्या हाताला आमचं बंदर. तिथे ती होडी उभी असायची, हिरवी, वर पांढरा पट्टा.

खाडीत वरून कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं तशी मासळी संपत गेली. जाळ्यात आला तर गाळ आणि प्लास्टिक, आणि चुकून बोय मिळालीच तर तिला रॉकेलचा वास. शेवटी बाबांनी जाळी गुंडाळून ठेवली आणि घोडबंदर रोडला एका नव्या इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. होडी चिखलात पडून कुजली. एके दिवशी त्यांनी स्वतःच ती मोडली. मी शाळेतून आले तर अंगणात फळ्यांचा ढीग आणि बाबा त्याच्याकडे पाठ करून बसलेले. त्यानंतर दोन वर्षं ते बंदरावर फिरकले नाहीत. नारळी पौर्णिमेला आख्खा कोळीवाडा नटूनथटून खाडीवर जायचा तेव्हा हे मुद्दाम ड्युटी घ्यायचे.

कान्हाने ती होडी खेळात घातली. सांगितलं नाही कोणाला. आमच्याकडे होडीचा एकच फोटो होता, चुलतभावाच्या लग्नातला. त्यात नवरदेवाच्या मागे होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दिसत होती आणि नावातला 'मनु' तेवढा. उरलेली होडी त्याने आठवून काढली. कधी नव्हे ते मला त्याचं कौतुक वाटलं.

बाबांना घेऊन मी एका रविवारी डोंबिवलीला गेले. कान्हाने गाडी ठाण्याहून सोडली. बाबा कौतुकाने बघत होते. पूल जवळ आला, उजवीकडे हिरवं काहीतरी आलं आणि सर्रकन मागे गेलं.

"आरं, ती माजी होरी हाय!" बाबा उठूनच उभे राहिले. "थांबव. गारी थांबव."

गाडी थांबवता येत नव्हती. स्टेशन किंवा लाल सिग्नल सोडून मध्येच थांबलं की खेळ चूक धरायचा आणि पडदा काळा. खेळ तात्पुरता रोखायची कळ होती, पण ती दाबली की बरोबर मधोमध एक चौकोन यायचा आणि होडी त्याच्याखाली जायची. बाबांनी पुन्हा पुन्हा ठाण्याहून गाडी सोडायला लावली. निघताना म्हणाले, "जरा थांबली आसती तर बरा झाला आसता."

पुढच्या रविवारी कान्हाने पुलाच्या आधी एक सिग्नल उभा केला होता. खऱ्या रुळांवर त्या जागी सिग्नल नाही. पण खेळात गाडी तिथे आली की तो लाल व्हायचा, गाडी अगदी होडीसमोर थांबायची, आणि माणसाचा निवांत चहा पिऊन होईपर्यंत हिरवा व्हायचा नाही.

मग दर रविवारी बाबांची डोंबिवली ठरलेली. धुतलेला सदरा घालून निघायचे. लाल सिग्नल लागला की खुर्ची पडद्याजवळ ओढायचे, चहा बशीत ओतायचे आणि होडीकडे बघत बसायचे. खेळातल्या खाडीला ओहोटी नव्हती, पाणी सदा भरलेलं. बाबांना ते पसंत होतं. "बरा हाय. होरी चिकलान रुतायची नाय," म्हणायचे. सिग्नल हिरवा झाला की कान्हाच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चल, आता सोर." दोन वर्षं तोंड मिटून बसलेला माणूस परतीच्या वाटेवर मला आईच्या गोष्टी सांगायला लागला. मला वाटलं, आमचे बाबा आम्हाला परत मिळाले.

त्याच पावसाळ्यात मुंबईच्या एका कॉम्प्युटर मासिकाने स्पर्धा जाहीर केली. वाचकांनी तयार केलेल्या मार्गांतला सगळ्यात चांगला मार्ग त्यांच्या सीडीवर येणार, खाली तो करणाऱ्याचं नाव. अट अशी की गाडी वेळापत्रकाप्रमाणे धावली पाहिजे, उगाच कुठे थांबता कामा नये. कान्हाने सिग्नल काढला आणि मार्ग पाठवून दिला. आम्हाला बोलला नाही. श्रावणात माझ्या शाळेचे कार्यक्रम होते म्हणून आमचे दोन-तीन रविवार चुकलेले.

नारळी पौर्णिमेला सकाळी बाबा लाल टोपी घालून ओट्यावर उभे. हातात ताट, त्यात नारळ, हळदकुंकू, फुलं, निरांजन.

"बाबा, खाडीवर तर संध्याकाळी जायचं ना?"

"तो दर्याचा नारल. होरीची पूजा सकालची आसते," ते म्हणाले. "औंदा मना होरी हाय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कॉम्प्युटरची पूजा काय लोक दसऱ्याला करतातच, मी म्हटलं चला. आम्ही डोंबिवलीला पोचलो. ताट बघून कान्हाचा चेहरा उतरला, पण मला वाटलं झोपेतून उठलाय म्हणून.

बाबांनी निरांजन लावलं, ताट धरून पडद्यासमोर उभे राहिले. गाडी सुटली. पूल आला, होडी आली आणि गेली. बाबांचा हात हळदीच्या वाटीतच होता.

"लाल नाय झाला?"

"मी... परत लावतो, बाबा."

दुसऱ्यांदा बाबा चिमूट भरून तयार होते. होडी दिसताच त्यांनी कुंकू टाकलं. ते काचेवर पडेपर्यंत होडी गेलेली, आणि कुंकू कळव्याच्या स्टेशनावर लागलं. तिसऱ्यांदा कान्हाने गाडी अगदी हळू नेली. रांगत रांगत होडी समोर आली, बाबांनी नारळ उचलला, आणि गाडी थांबली. पडदा काळा. त्यावर इंग्रजीत चूक झाल्याची पाटी. बाबा नारळ तसाच हातात धरून उभे होते.

तेव्हा कान्हाने सगळं सांगितलं. मी म्हटलं, "मग बसव ना परत. आत्ता बसव."

"ताय, आत्ता नको हात लावायला. काय बिघडलं तर? मासिकवाल्यांनी परत मागितला तर? निकाल लागू दे, मग बसवतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटांचं आहे तर कर की मेल्या!" माझा आवाज चढला. "बाप ताट घेऊन उभा आहे, दिसतंय का तुला?"

"मालू, गप," बाबा म्हणाले. "त्याचा काम हाय तो. गारी येलेवर पोचली पायजे."

त्यांनी फुंकर घालून निरांजन विझवलं, सदऱ्याच्या बाहीने काचेवरचं कुंकू पुसलं आणि ताट पिशवीत भरलं. संध्याकाळी कोळीवाड्याच्या मिरवणुकीत ते गेले. तोच नारळ त्यांनी खाडीला दिला. बरोबरचे लोक हसत-नाचत होते. बाबा हात जोडून लगेच माघारी वळले.

कान्हाचा पहिला नंबर आला. दिवाळीच्या अंकाबरोबर सीडी निघाली, त्यावर त्याचं नाव. तो हवेत होता. लगेच कल्याण–कसारा करायला घेतला, टिटवाळा आणि खडवलीचे फोटो काढत फिरायला लागला. मी फोन केला की म्हणायचा, "हो गं ताय, सिग्नल लक्षात आहे. या रविवारी बसवतो. बाबा विचारतात का?"

बाबा विचारत नव्हते, हेच तर दुखत होतं. रविवारची त्यांनी जास्तीची ड्युटी मागून घेतली होती. चल म्हटलं की म्हणायचे, पोराला कशाला तरास. आईच्या गोष्टी पुन्हा बंद झाल्या. मला कान्हाचा राग यायचा आणि त्याहून जास्त बाबांचा. एकदा तरी त्यांनी ओरडायचं होतं त्याच्यावर. ओरडले असते तर त्याने त्याच दिवशी केलं असतं, मी ओळखते त्याला.

पौषात त्यांना थंडी बाधली. छातीत कफ झाला, हॉस्पिटलात नेलं, आणि आठवड्याभरात ते गेले. कान्हा पोचला तेव्हा त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी डोंबिवलीला गेले. कान्हाने दार उघडलं आणि कॉम्प्युटर चालू केला. मी चहा टाकला, उकळला तसा दोन कपांत गाळला आणि त्याच्या शेजारी येऊन बसले. त्याने तेव्हा सिग्नल बसवायला घेतला. कुठलीशी यादी उघडली, दोन ओळी लिहिल्या, एक कळ दाबली. गाडी ठाण्याहून सुटली, पुलाजवळ आली, सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. समोर भरल्या पाण्यात हिरवी होडी, तिच्यावर आईचं नाव.

"झालं?" मी विचारलं.

"झालं," कान्हा म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मी कप तोंडाला लावला. चहा अजून कढतच होता, जीभ भाजली.