पासष्टच्या गाडीत सहासष्टचे काटे

यामिनीचा राग लगेच दिसायचा नाही. ती आधी ओटा पुसायची, मग कपडे वाळत घालायची, आणि मग सावकाश माणसाची खोड मोडायची. अकरा वर्षांच्या संसारात यशोधन एवढंही शिकला नव्हता, म्हणून पुढचं सगळं घडलं.

ॲथलोन या आयरिश गावातल्या घरामागच्या शेडमध्ये त्यांची १९६५ची मस्टँग उभी होती. गाडी यशोधनने शोधली, निळा रंग त्याने निवडला, आणि डॅशबोर्डवर ६५ची लांबट पट्टी नको, ६६चे पाच गोल मीटरच हवेत, हा हट्टही त्याचाच. हट्ट करायला काय जातं! दोन वर्षांचे शनिवार डॅशबोर्डखाली उताणं पडून वायरी जोडल्या त्या यामिनीने. नोकरीत ती डॉक्टरांच्या उपकरणांचे सेन्सर तपासायची, त्यामुळे वायर हातात घेतली की तिला त्या वायरीचं दुखणं कळायचं. यशोधन टॉर्च धरायचा. तोही हलवायचा.

आणि मे महिन्यातल्या एका रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबचे लोक गाडी बघायला आले, तेव्हा हाच टॉर्चधारी छाती फुगवून म्हणाला, "सगळं मी एकट्याने केलं. यामिनीचा चहा मात्र फर्स्टक्लास असतो हं!" सगळे हसले. 'फेअर प्ले', म्हणजे शाब्बास, म्हणत त्याच्या पाठीवर थापा पडल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. यामिनी तेव्हा खरोखरच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ट्रे ठेवला आणि कप विसळले.

पुढे क्लबच्या शोसाठी गाडीच्या काचेवर लावायच्या कार्डावरही 'काम कोणी केलं' यापुढे त्याने एकट्याचंच नाव लिहिलं. तेव्हा तिचं ठरलं. हे नाव ती त्याच्याच हाताने खोडायला लावणार होती.

६५च्या गाडीत तेलाच्या दाबासाठी नुसता लाल दिवा असतो. त्याच्या इंजिनावरच्या सेन्सरला हो किंवा नाही, एवढंच कळतं: दाब नसला की वीज सोडायची, दाब आला की तोडायची. ६६च्या मीटरला काटा आहे, वीज वाढली की वर जाऊन दाब किती ते दाखवणारा, म्हणून त्याला सेन्सरही वेगळा लागतो. यामिनीने तो केव्हाच बसवला होता. शोच्या सकाळी मैदानावर यशोधन ब्रेकफास्ट रोलच्या स्टॉलसमोर रांगेत गप्पा ठोकत होता, तेवढ्यात तिने पाना काढला, नवा सेन्सर काढून पर्समध्ये टाकला आणि जुना दिव्याचा परत लावला. मीटर जळू नये म्हणून वायरीत एक छोटा रेझिस्टरही घातला. मीटरशी तिचं काही भांडण नव्हतं.

परीक्षक नोरीन सत्तरीची, चाळीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलेली बाई. ती गाडीत बसली आणि तिने किल्ली अर्धी फिरवली. इंजिन बंद, तरी तेलाचा काटा वर जाऊन टेकला. तिने इंजिन चालू केलं, तसा काटा थेट शून्यावर येऊन बसला.

"बंद करा! इंजिन जाईल!" यशोधन ओरडला.

नोरीनने इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "वायरिंग तुम्हीच केलंत ना? मग काटा उलटा का चालतोय?"

यशोधनने वळून पाहिलं. मागे क्लबची तीच मंडळी उभी. तो मराठीत कुजबुजला, "यामिनी, अगं हे काय झालंय? सांग ना, प्लीज!"

"मी?" यामिनीने हातातल्या चहाच्या थर्मासचं झाकण घट्ट केलं. "मी काय सांगणार बाबा? मी चहावाली."

इतकं बरं तिला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं.

यशोधनने कपाळ पुसलं. शेवटी तो इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वायरिंग माझ्या बायकोने केलंय."

"किती?" नोरीनने विचारलं.

"सगळं."

यामिनीने पर्समधून सेन्सर काढला. नोरीनने आधी सेन्सरकडे पाहिलं, मग पर्सकडे, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला. "ग्रँड," एवढंच ती म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे," यामिनी यशोधनला म्हणाली. "पण आधी ते कार्ड."

त्याने काचेवरचं कार्ड काढलं, पेन घेतलं आणि आपल्या नावापुढे 'आणि यामिनी' असं लिहिलं.

"ते 'आणि' खोड. त्याच्या आधीचंही."

"अगं, टॉर्च तरी मी धरला होता की नाही?"

"खोड, यश."

त्याने खोडलं. यामिनीने थर्मास त्याच्या हातात दिला, बाह्या सरसावल्या आणि ती बॉनेटखाली वाकली. थोड्या वेळाने नोरीनने पुन्हा इंजिन चालू केलं. काटा शहाण्यासारखा मधोमध येऊन थांबला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

नोरीनने वहीत यामिनीचं नाव लिहिलं आणि यशोधनकडे वळून विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

यशोधनने हातातल्या थर्मासकडे पाहिलं.

"चहा घेणार?" तो म्हणाला.