दोन नेमसर्व्हर, एक पत्ता

आमचे जावईबापू केससुद्धा स्वतःच कापतात. तेव्हा घरासाठी डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, घेतल्यावर त्याचे नेमसर्व्हर परक्याकडे ठेवणं त्यांच्या जिवावर आलं यात नवल नाही. नेमसर्व्हर म्हणजे आमच्या नावाने ईमेल निघाला, की त्याला आमचं घर दाखवणारा वाटाड्या. असे निदान दोन लागतात. एक आजारी पडला तर दुसरा. जावईबापूंनी दोन नोंदवले आणि दोघांना एकच आयपी पत्ता दिला, चपलांच्या कपाटात बसवलेल्या एकुलत्या मशीनचा.

"दोन मशीन कशाला, बाबा? दोन रकाने भरले की झालं," ते मला म्हणाले होते.

लेकीने दत्तक संस्थेला याच डोमेनवरचा ईमेल दिला होता. चार वर्षांनी त्यांचा नंबर लागत आला होता. संस्था फोन करत नाही, लेखी कळवते. अठ्ठेचाळीस तासांत होकार गेला नाही तर बाळ यादीतल्या पुढच्या घरी.

सोमवारी सकाळी जावईबापूंनी इंटरनेटची कंपनी बदलली. मशीनला नवा आयपी मिळाला, पण डोमेनच्या नोंदीत जुनाच राहिला.

गुरुवारी दुपारी लेक म्हणाली, "तीन दिवसांत ईमेलवर एक जाहिरातसुद्धा आली नाही."

जावईबापूंनी आधी कपाट उघडलं, मग लॅपटॉप. त्यांचा चेहरा उतरला. "नोंदीतला आयपी बदलायचा राहिला. पाच मिनिटांचं काम आहे."

नोंदणी कंपनीने खात्री करायला कोड पाठवला. ईमेलवर. त्याच डोमेनच्या.

"म्हणजे किल्ली आत ठेवून दार लावलंत," मी म्हणालो.

"बाबा, आत्ता नको," म्हणत लेकीने संस्थेला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सोमवारी संध्याकाळी कळवलं होतं," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "काल मुदत संपली. पुढच्या कुटुंबाने आज सकाळी होकार दिला."

"मुलगी होती का?" लेकीने विचारलं.

"ते आता नाही सांगता येणार. तुमचा नंबर जात नाही. पुढचं बाळ आलं की कळवू."

"कधी?"

"खरंच माहीत नाही हो."

जावईबापू पुटपुटले, "आज रात्रीपर्यंत मी सगळं सुरळीत—"

लेकीने हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळली. "बाबा, तुमचा ईमेल सांगा."

मी एकेक अक्षर सावकाश सांगत गेलो. ती फोनवर तेच म्हणत गेली.